चर्चमधील बालसेवा : स्वयंसेवकांची चारित्र्य पडताळणी व सुरक्षा प्रशिक्षण

रविवारची शाळा, सुटीतले बायबल वर्ग, युवकांची शिबिरे, उपासना चालू असताना तान्ह्या मुलांना सांभाळण्याची खोली अशा ठिकाणी बिनपगारी काम करणाऱ्या सेवकांचा पूर्वेतिहास तपासणे आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम त्यांना शिकवणे, या दोहोंची मिळून ही व्यवस्था बनते. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा बहुतेक पंथांत ती कमीअधिक प्रमाणात रुळली आहे.

चर्चला तिची विशेष गरज आहे, कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, विश्वास आधीपासूनच असतो. माणसे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, कुटुंबे वर्षानुवर्षांच्या ओळखीची असतात आणि मुलांच्या वर्गाला सेवक नेहमीच कमी पडतात. स्वतःहून पुढे आलेल्या माणसाला कागदपत्रे मागायची म्हणजे त्याचा अपमान, असे पुष्कळांना वाटते. मुलांशी एकांत मिळवू पाहणाऱ्या माणसाला नेमका हाच संकोच हवा असतो. म्हणून पडताळणी सर्वांची, एकाच पद्धतीने आणि पाळकांपासून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपासून, सुरू झाली पाहिजे. सगळेच फॉर्म भरतात तेव्हा कोणावरही संशय घेतल्यासारखे होत नाही.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. तिच्यामागे मुलांनी सोसलेले आहे. मेथडिस्ट मंडळींनी अमेरिकेत १९९६ मध्येच याविषयी ठराव केला होता. जानेवारी २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाने बोस्टन शहरातील कॅथलिक धर्मगुरूंनी केलेले मुलांचे लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण उघड केले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. मुलांशी संबंध येणाऱ्या धर्मगुरूंबरोबरच पगारी कर्मचारी आणि स्वयंसेवक यांचीही पार्श्वभूमी तपासणे त्या सनदेने बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २००२ मध्ये सोहॅम या गावी एका शाळेच्या रखवालदाराने दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या भागातील पोलिसांकडे पूर्वी अनेक तक्रारी आल्या होत्या, पण नोकरी देताना त्या पुढे आल्याच नाहीत. चौकशीनंतर अशा कामावरील माणसांच्या तपासणीसाठी २००६ चा कायदा आला आणि २०१२ मध्ये डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस ही पूर्वेतिहास तपासणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली. तिच्या सखोल तपासणीत शिक्षांखेरीज स्थानिक पोलिसांकडची संबंधित माहितीही दिली जाऊ शकते, आणि स्वयंसेवकांकडून ही यंत्रणा शुल्क घेत नाही.

देशागणिक पद्धत बदलते. ऑस्ट्रेलियात मुलांसोबत काम करण्याचा परवाना राज्य सरकार देते. न्यू साउथ वेल्समध्ये तो ५ वर्षे चालतो आणि मधल्या काळात नवा गुन्हा नोंदला जातो का, यावर लक्ष ठेवले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्वयंसेवकाला दर ६० महिन्यांनी पार्श्वभूमी तपासणीचे दाखले नव्याने घ्यावे लागतात. भारतात पॉक्सो नियम, २०२० नुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे.

प्रत्यक्ष पडताळणी अर्जापासून सुरू होते. त्यात आजवरचे सगळे पत्ते आणि बदललेली नावे मागतात, माहेरचे नावसुद्धा, कारण नुसत्या नावावरून घेतलेला शोध सहज चुकतो. जेथे बोटांच्या ठशांवरून तपासणी करता येते, तेथे ती अधिक भरवशाची. यानंतर मुलाखत आणि परिचितांशी बोलणे. हा भाग बहुतेक ठिकाणी उरकून टाकला जातो, आणि ते चूक आहे. परिचिताला फोन लावून ‘माणूस कसा आहे?’ असे विचारले तर ‘चांगला आहे’ हेच उत्तर येते. ‘तुमची स्वतःची मुले यांच्याकडे निर्धास्तपणे सोपवाल का?’ असे विचारावे. पलीकडचा माणूस क्षणभर थांबला, तर त्याला तेथेच पुढचा प्रश्न विचारावा. पुष्कळ मंडळ्यांत नव्या माणसाला मुलांच्या कामावर घेण्याआधी निदान सहा महिने उपासनेला यावे लागते.

मात्र स्वच्छ दाखला म्हणजे सुरक्षित माणूस नव्हे. जो कधी पकडलाच गेला नाही, त्याची नोंद कोठेच नसते. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधील बाललैंगिक शोषणाची चौकशी केली. ८,००० हून अधिक लोकांनी त्याच्यापुढे खासगीत आपबीती सांगितली. शोषणाविषयी कोणाजवळ तरी तोंड उघडायला त्यांना सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. तेवढ्या काळात गुन्हेगाराचा दाखला कोराच राहतो. दाखला फाइलला लावून निश्चिंत होणारी मंडळी आपल्या मुलांना उघड्यावर सोडते, असेच म्हणावे लागेल.

म्हणून खरा भार प्रशिक्षणावर आणि रोजच्या शिस्तीवर येतो. प्रशिक्षणात सर्वांत महत्त्वाचा विषय ग्रूमिंग, म्हणजे मुलाला आणि त्याच्या घरच्यांना हळूहळू जाळ्यात ओढणे. याची सुरुवात चांगुलपणाने होते. एकाच मुलाला खाऊ, त्यालाच गाडीवरून घरी सोडणे, रात्री मोबाइलवर निरोप, मग ‘हे आपल्या दोघांतच’ अशी गुपिते. असे वागणे लहानसहान असतानाच सांगायचे, हे सेवकाला शिकवावे लागते. नियम कोणीही मोडला तरी टोकायचे, मग तो मंडळीतला ज्येष्ठ का असेना.

शिस्तीचा कणा म्हणजे दोन प्रौढांचा नियम : एकटा सेवक एकट्या मुलासोबत कधीही राहणार नाही. हे दोघे नात्यातले नसावेत. अनेक मंडळ्या नवरा-बायकोला या हिशेबात एकच धरतात. मदतीला आलेला सोळा वर्षांचा मुलगाही प्रौढात मोजत नाहीत, तो स्वतःच मूल आहे. वर्गाच्या दाराला काच असते आणि त्या काचेवर चित्रे चिकटवायची नसतात. आत येताना मुलाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी लावतात, तोच क्रमांक आईच्या हाती देतात आणि जुळल्याशिवाय मूल सोडत नाहीत. शौचालयाकडे लहान मुलाला नेताना दुसऱ्या सेवकाला सांगून जायचे आणि बाहेरचे दार उघडे ठेवायचे. आजी चिठ्ठी विसरून आली, सगळे तिला ओळखतात, मागे रांग वाढते आहे, तरी थांबायचे आणि मुलाच्या आईला बोलावून घ्यायचे. नियम टिकतो की नाही, ते अशा वेळीच कळते.

मूल काही सांगू लागले तर शांतपणे ऐकायचे, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही. त्याचेच शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे आणि पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचे. आधी मंडळीत चौकशी करू, मग बघू, हा मार्ग घातक ठरलेला आहे. त्यात पुरावा जातो आणि मुलावर दडपण येते.

क्षमेचा प्रश्न येथे वारंवार पुढे येतो. पश्चात्ताप केलेल्या माणसाला मंडळीने जवळ करावे, ही श्रद्धेची शिकवण खरी. पण क्षमा करणे आणि मुले पुन्हा हाती सोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा भोगून आलेला माणूस उपासनेला येऊ इच्छित असेल, तर अनेक चर्च त्याच्याशी लेखी करार करतात. कोणत्या उपासनेला यायचे, कोठे बसायचे, बरोबर कोण असेल आणि इमारतीच्या कोणत्या भागात पाऊल टाकायचे नाही, हे त्यात लिहिलेले असते. बालसेवेचे दार त्याला कायमचे बंद असते.