तपासून घेतलेला घोडा आजारी पडला तर
नुकताच घोडा विकत घेतलेल्या ग्राहकांसाठी आमच्या दवाखान्याचे माहितीपत्रक

खरेदीपूर्व तपासणीच्या दाखल्यावर अनेक नोंदी असतात, पण सगळ्यात आधी पाहावी ती तारीख. त्या दिवशी घोडा जसा समोर उभा राहिला आणि जसा चालला, त्यावरून तुम्ही सांगितलेल्या कामासाठी तो योग्य वाटतो की नाही, एवढेच पशुवैद्यकाने त्यात लिहिलेले असते. पुढची हमी त्यात नसते आणि ती कोणी देऊही शकत नाही. त्यामुळे घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत घोडा खोकू लागला, लंगडू लागला किंवा पोटदुखीने लोळू लागला, तर तपासणी वाया गेली असे लगेच धरू नका. विकणाऱ्याने फसवले असेही इतक्यात म्हणू नका. आधी एकच गोष्ट शोधायची: हा त्रास नेमका कधी सुरू झाला? उपचार काय करायचे हे बरेचसे याच उत्तरावर ठरते, आणि वाद झालाच तर तोही इथेच येऊन थांबतो.

तपासणीतून काय निसटते

पूर्ण तपासणीचे पाच टप्पे असतात. आधी उभ्या घोड्याचे डोळे, दात, हृदय, फुप्फुसे, पाय आणि खूर पाहतात. मग त्याला हाताने धरून चालवतात आणि दुडकीवर पळवतात. त्यानंतर स्वाराखाली किंवा लांब दोरीवर चांगली मेहनत करून घेतात, थोडी विश्रांती देतात आणि शेवटी पुन्हा दुडकीवर पाहतात. वेळ किंवा खर्च वाचवायला पुष्कळदा पहिल्या दोन टप्प्यांवरच काम भागवले जाते. मग दमल्यावर उमटणारा श्वासाचा आवाज, हृदयाच्या लयीतला बिघाड किंवा अंग गार झाल्यावर दिसणारी लंगड तपासलीच गेलेली नसते. तुमच्या दाखल्यात कोणते टप्पे आहेत ते आधी वाचा. क्ष-किरण, सोनोग्राफी, एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून पाहणे) हे सगळे वेगळे सांगून करून घ्यावे लागते.

काही आजार मुळातच येऊन-जाऊन असतात. दम्याचा घोडा मोकळ्या कुरणात महिनोन्महिने स्वच्छ श्वास घेतो, आणि तबेल्यात आणून धुळकट, बुरशी लागलेली वैरण घातली की खोकू लागतो. चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी चिलटांच्या हंगामातच दिसते. जठरातले व्रण तर पोटात दुर्बीण घातल्याशिवाय कळतच नाहीत. दातांवरून सांगितलेले वयही दहा वर्षांच्या पुढे अंदाजच समजावा.

औषधांचेही बोलायला हवे. फिनाइलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन ही वेदनाशामक औषधे दिलेला घोडा एक-दोन दिवस लंगड लपवू शकतो. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असेल, तर आराम कित्येक आठवडे टिकतो. दीर्घकाळ काम करणारी शामक औषधेही आहेत, त्यांचा असर उतरला की गरीब वाटलेले जनावर एकदम तापट होते. याचसाठी तपासणीच्या वेळी रक्ताचा नमुना घेऊन तो ठरावीक मुदतीपर्यंत, बऱ्याचदा सहा महिने, जपून ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या वेळी तो घेतला होता का, हे तपासणाऱ्याला आजच विचारा. घेतला नसेल तर घोडा आल्याबरोबर आम्हाला बोलवा. औषधाचा अंश शरीरातून रोज कमी होत जातो, त्यामुळे पंधरा दिवसांनी घेतलेल्या रक्तावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

पहिले तीन आठवडे

नवा घोडा निरोगी दिसत असला तरी दोन ते तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळा बांधा. बादली, खरारा, लगाम वेगळे ठेवा, आणि मोतद्दाराने त्याचे काम सगळ्यात शेवटी करावे. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. मोठ्या घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात.

थर्मामीटरवर आमचा इतका भर आहे तो स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजारामुळे. या आजाराचे जंतू शिरल्यापासून साधारण ३ ते १४ दिवसांत ताप येतो, आणि जबड्याखालच्या गाठी सुजणे, नाकातून पू येणे हे त्याच्या मागून येते. नाकातून जंतू बाहेर पडायला ताप आल्यानंतर एक-दोन दिवस लागतात. म्हणजे ताप आल्या दिवशीच घोडा वेगळा असला तर बाकीचे घोडे वाचतात, गाठ दिसण्याची वाट पाहिली तर बहुधा उशीर होतो. बरे झालेल्या घोड्यांपैकी दहातला एखादा घशाजवळच्या हवेच्या पिशव्यांमध्ये जंतू बाळगून राहतो आणि दिसायला ठणठणीत असतो. असा घोडा नुसत्या नजरेने कोणालाही ओळखता येणार नाही. त्यासाठी दुर्बिणीने पिशव्या पाहून तिथला नमुना तपासावा लागतो. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचेही असेच आहे: लागण झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे दिसायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून ‘लागण नाही’ अशा एका अहवालावर न थांबता चाचणी पुन्हा करावी.

दुसरा धोका प्रवासाचा. डोके उंच बांधून लांबचा प्रवास झाला की श्वासनलिकेतला कफ खाली उतरून बाहेर पडत नाही आणि जंतू फुप्फुसात साचतात. दहा-बारा तासांच्या पुढच्या प्रवासात हे जास्त होते. एक ते तीन दिवसांत ताप येतो, चंदी उष्टी राहते, श्वास उथळ होतो आणि घोडा पाऊल टाकायला तयार होत नाही. छातीच्या या दुखण्याला लोक कधी पोटशूळ समजतात, तर कधी ‘प्रवासाने थकलाय, उद्या ठीक होईल’ म्हणून सोडून देतात. या दुसऱ्या समजुतीने घोडे दगावतात. लांबच्या प्रवासानंतर ताप आला तर त्याच दिवशी फोन करा.

पोटाच्या तक्रारी बहुतेक वेळा नव्या घरातल्या असतात. पाणी कमी पिणे, बांधून राहणे, एकदम बदललेला चारा यांमुळे लीद कोरडी पडते आणि आतडे तुंबते. आधीचा चारा थोडा सोबत मागून घ्या आणि दहा ते चौदा दिवसांत हळूहळू नव्यावर आणा. पोटशूळ उठलाच तर चारा काढून घ्या आणि आम्हाला बोलवा. मधल्या वेळेत शिल्लक राहिलेले दुखण्याचे इंजेक्शन टोचू नका. वेदना किती आहे आणि नाडी किती आहे यावरूनच शस्त्रक्रिया लागणार का हे आम्ही ठरवतो, ते इंजेक्शन नेमके तेच झाकते. नाडी मिनिटाला ६० च्या वर टिकून असेल तर फोनवर आधी तेवढे सांगा.

दुखणे नवे की जुने

घोड्याच्या शरीरावर काही तारखा लिहिलेल्या असतात, फक्त त्या वाचाव्या लागतात. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. खुराच्या वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर खाली टाचेकडे रुंदावत गेलेली वळी दिसली, तर पायातला दाह तीन ते पाच महिन्यांपूर्वी होऊन गेला असणार. घोडा तुमच्याकडे आठ दिवसच असेल तर प्रश्न बऱ्यापैकी मिटला. सांध्याच्या कडेला वाढलेले हाड क्ष-किरणात दिसायला काही आठवडे, कधी काही महिने जातात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यातल्या चित्रात ते ठळक दिसले तर ते जुनेच. उलट पायाच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) गरम, मऊ सूज असेल आणि ती तपासणीच्या नोंदीत नसेल, तर ती बहुधा ताजी. डोळ्याच्या बाहुलीची कड आत चिकटलेली असेल तर आधी दाहाचा झटका येऊन गेलेला आहे. पुढच्या दातांच्या कडा विशिष्ट प्रकारे झिजल्या असतील तर लाकूड चावण्याची खोड जुनी आहे, तिथे ‘तुमच्याकडे येऊन लागली’ हे म्हणणे टिकत नाही.

जठरातल्या व्रणांबाबत मात्र आम्ही कोणाच्याच बाजूने ठाम बोलत नाही. प्रवास, बांधून ठेवणे आणि जास्त दाणा यांनी ते आठवड्याभरातही होतात. लंगडीचेही कधी असेच असते: नवे खोगीर, कडक जमीन, नवा नालबंद, अचानक वाढलेली मेहनत, यांतले काहीही कारण असू शकते. विकणाऱ्याला फोन लावण्याआधी नाल काढून खूर तपासून घ्या. तळव्यातला साधा पू किती घोड्यांना ‘कायमचे लंगडे’ ठरवून गेला आहे!

कागद आणि बोलणे

पहिल्या लक्षणाचा त्याच दिवशी व्हिडिओ काढा. लंगड असेल तर सपाट, कडक जमिनीवर दुडकीत, समोरून, मागून आणि बाजूने काढा. विकणाऱ्याला लेखी कळवा. भाषा साधी ठेवा: काय दिसले, कधी दिसले, कोणी तपासले. आरोप नंतरही करता येतात, पण एकदा लिहिलेला मागे घेता येत नाही. त्याचे उत्तर येईपर्यंत घोड्याला कामाला लावू नका आणि पुढे विकू नका. उपचार थांबवायची मात्र गरज नाही, फक्त प्रत्येक औषधाची नोंद हवी. परत देण्याचे नियम आणि तक्रारीची मुदत जागोजागी वेगळी असते आणि कधी फारच थोडी असते, म्हणून करारपत्र लगेच काढून वाचा. विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. विमा घेण्याआधीपासूनचे आजार पॉलिसीत सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला नवे-जुने हा प्रश्न तिथेही येतोच.

तपासणी आमच्याच दवाखान्याने केली असेल तर दुसऱ्या पशुवैद्यकाकडून मत घ्या. आमच्या सगळ्या नोंदी आणि क्ष-किरण आम्ही त्यांना देऊ. विकणारा आमचा जुना ग्राहक असला तर तेही आम्ही तुम्हाला तोंडावर सांगू, आणि तुम्ही आम्हाला हे विचारायला अजिबात संकोचू नका.

फोन कराल तेव्हा तापाची वही, दाखला आणि औषधांची यादी जवळ असू द्या. घोडा उभा असेल तर नाडीही मोजून ठेवा: जबड्याच्या खालच्या कडेवर, आतल्या बाजूला बोटे टेकवून ३० सेकंद मोजा आणि आकडा दुप्पट करा.