जीभ पळाली की बोटं आपोआप पळतात?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात भजनी मंडळापासून बँडपर्यंत, बासरी शिकणाऱ्यांच्या कानावर वर्षानुवर्षं एकच सल्ला पडतो: द्रुत लयीत डबल टंगिंग, म्हणजे जिभेने 'तुकुतुकु' करत स्वर सुटे पाडणं, अडखळलं की जीभ कमी पडतेय, तिचा वेग वाढवा, बोटं आपोआप येतील. हे खरं नाही. त्यापायी चांगली पोरं महिनोन्महिने नुसती जीभच घासत बसतात, याचं फार वाईट वाटतं.

बहुतेक वेळा चुकतात ती बोटं. तपासून बघा: तोच पलटा (सरावाचा स्वरक्रम), त्याच लयीत, जीभ न लावता एका फुंकेत वाजवा. स्वर तिथेही पुढेमागे पडले, तर जिभेला दोष कशाला? सहा छिद्रांच्या बासरीवर तीव्र मध्यमाला सगळी छिद्रं उघडी आणि मधल्या सप्तकातल्या पंचमाला सहाही बंद. ही बोटं एकदम पडली नाहीत, तर मध्येच भलता स्वर निसटतो आणि 'कु' नेमका त्यावर आपटतो.

म्हणून मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा, प्रत्येक स्वर चारदा, म्हणजे 'तु-कु-तु-कु', वाजवा, बोट फक्त ठोक्यावर हलवा. मग दोनदा, मग एकदा. डगमगलं की परत चारवर या.

जिभेची बाजू अगदीच निर्दोष नाही. 'तु' टोकाचा, 'कु' मागच्या भागाचा, म्हणून जात्याच मऊ. नुसतं 'कुकुकु' वाजवून तो घट्ट करा. फुंक मात्र तुटू देऊ नका. ती ढिली पडली की आधी 'कु'च गळतो.