इनामगावचे सातू

महाराष्ट्रातला पहिला शेतकरी म्हटला की आपल्याला तो ज्वारीच्या ताटांत उभा दिसतो. पण ज्वारी मूळची आफ्रिकेतली, बाजरीही तिकडचीच. भीमेच्या खोऱ्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वी वस्ती करून राहिलेल्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य होते सातू, म्हणजे जव.

हे कळले ते इनामगावमुळे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ खोदाई केली. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी एकेक घर उघडे करत अख्खे गाव समोर आणले. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा त्या वस्तीचा काळ. पहिले लोक माळव्याकडच्या संस्कृतीचे. पुढचे जोर्वे संस्कृतीचे. हे नाव संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून पडले.

सातू आणि गहू माणसाने पहिल्यांदा पेरले ते पश्चिम आशियात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. तिथून ही पिके पूर्वेकडे सरकली. बलुचिस्तानातल्या मेहरगड या प्राचीन वस्तीत ती फार आधीपासून दिसतात. तिकडे पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे पावसाळ्यात. त्यात शिरूर पडले पर्जन्यछायेत. तरी पीक उभे राहिले, कारण काळी जमीन ओल धरते आणि घोडचे पाणी जवळ होते. नदीकाठी बांध आणि पाट सापडले आहेत. म्हणजे पाटपाण्याची खटपट आपल्याकडे चांगलीच जुनी. आज त्याच घोडच्या काठाने ऊस डोलतो, तेव्हा हे आठवते.

शेती आली आणि धान्य साठू लागले. एका पाच खोल्यांच्या घराशेजारी कणगीघर मिळाले. ते गावाच्या मुख्याचे असावे आणि धान्य तिथे गोळा होत असावे, असे ढवळीकर मानत. कणगी कोणाच्या दारात, या प्रश्नाची सुरुवात इथेच कुठेतरी झाली असणार. बाकीची घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची. जमिनीखाली मात्र मुले: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत मूल पुरायचे. दोनशेहून जास्त दफने मिळाली, त्यांत लहान मुलेच फार. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरत. मृताने परत येऊ नये म्हणून, असा एक अंदाज आहे.

इ.स.पू. १०००च्या सुमारास चित्र पालटले. प्रवरेकाठच्या दायमाबादसह जोर्वे संस्कृतीच्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. इनामगाव टिकले, पण चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शेती आटली, आणि शेळ्यामेंढ्या व शिकारीवरची मदार वाढली. ढवळीकरांचे म्हणणे, हवामान कोरडे झाले, पाऊस हटला, आणि शेतकरी पुन्हा अर्धा भटका झाला. तिथल्या पारध्यांच्या गोल झोपड्या पाहून त्यांना त्या जुन्या झोपड्यांचा उलगडा झाला होता.

पुढे प्राचीन हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्याच मुलांची हाडे तपासली. शेवटच्या टप्प्यातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. म्हणजे उपासमार खरी होती. पण एकाएकी पडलेल्या दुष्काळाचे कारण त्यांना पटले नाही. हा मुलूख आधीपासूनच निमकोरडा होता. मग जमिनीचा वापर आणि शेतीची पद्धत यांनाही जबाबदार धरायला हवे, असा त्यांचा रोख आहे.

मला दुसरी बाजू जास्त खरी वाटते. एकाच काठावर नऊशे वर्षे पेरणी, चराई आणि सरपणासाठी झाडतोड चालू राहिली, तर पाऊस जागच्या जागी असूनही रान उजाड होते. अर्थात एवढ्यावरून पावसाला निर्दोष सोडता येत नाही. इ.स.पू. ७००च्या आसपास शेवटची माणसे घोडकाठ सोडून निघाली, आणि तिथे पांढर तेवढी उरली.