साचलेलं पाणी अन् वाहतं पाणी: गाडी घालायच्या आधी हे पाहा

पावसाळ्यात आमच्याकडं गाडीवाले एकच विचारतात, पाणी किती आहे? समोरून भिजत आलेला माणूस सांगतो, "टोंगळ्यापर्यंत हाय, जाते गाडी," की घातली गाडी. ते पाणी थांबलेलं आहे का वाहतंय, हे काहून कोणी विचारत नाही राजेहो? सगळा फरक तिथंच तर आहे.

साचलेलं म्हणजे बसस्टँडसमोर, धुऱ्याला लागून रस्ता खोलगट असतो तिथं तुंबलेलं पाणी. हे गाडीला ढकलत नाही. इथं भीती इंजिनची अन् खाली काय दडलंय त्याची, खड्डा असेल, उघडी नाली असेल. खोली माहीत असेल तरच जा, पहिला गियर, एकसारखा रेस, मधात थांबायचं नाही, अन् पुढची गाडी बाहेर निघेस्तोवर आपण शिरायचं नाही. जोरात घातली तर लाट बोनेटवर चढते अन् हवेच्या वाटेनं पाणी इंजिनात जातं. बंद पडली तर सेल्फ मारू नका, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो अन् धक्का मारून भागलं असतं तिथं इंजिन खोलायची पाळी येते. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवून घ्या.

रेल्वेचा अंडरपास मात्र यात धरू नका. पाणी साचलेलंच असतं, वरून सपाट दिसतं, पण रस्ता खाली खाली उतरत गेलेला असतो, मधात पुरुषभर पाणी असू शकतं.

आता वाहतं पाणी, म्हणजे रपट्यावरून (नाल्यावरच्या बसक्या स्लॅबच्या रस्त्यावरून) नाहीतर ठेंगण्या पुलावरून जाणारं. इथं फूटभर पाणीही खूप झालं. लहान कार साधारण 800-900 किलोची असते अन् एक घनमीटर पाणी 1000 किलोचं, म्हणजे गाडीनं पुरतं एक घनमीटर पाणी बाजूला सारायच्या आधीच ती तरंगायला लागते. टायरवरचा भार गेला की पकड गेली, अन् त्याच वेळी बाजूनं रेटा सुरूच असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. 30 सेंटिमीटर वाहतं पाणी लहान कार नेऊ शकतं, 60 सेंटिमीटरला एसयूव्ही अन् पिकअपचाही भरवसा नाही. मोठ्या गाडीचं म्हणाल तर सप्टेंबर 2021 मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर वाहत्या पाण्यात अख्खी एसटी बस गेली.

म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी कशी चालवायची हे सांगता येतं, वाहत्यात कशी चालवायची हे सांगण्यासारखं काही नाहीच, अलीकडंच थांबायचं. "रोजचाच रपटा आहे, डोळे मिटून काढतो" हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण गढूळ पाण्याखाली स्लॅब शाबूत आहे का त्याला भगदाड पडलंय, हे रोजच्या माणसालाही दिसत नाही.

ओळखायचं कसं? पऱ्हाटीची एखादी काडी टाकून पाहा, सरकली की पाणी वाहतंय. रात्री हेडलाइटच्या उजेडात हेच ओळखू येत नाही, म्हणून रात्री तर नकोच. अन् आपल्याकडं ऊन पडलं म्हणून पाणी उतरेलच असं नाही, वर पाऊस झाला असेल नाहीतर धरणाचे दरवाजे उघडले असतील तर ते तासाभरात चढतं.

चुकून वाहत्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर बेल्ट सोडा, काच लगेच खाली घ्या अन् खिडकीतून टपावर चढा. दार उघडायच्या खटपटीत राहू नका, पाण्याच्या दाबानं ते बहुतेक उघडत नाही, अन् पॉवर विंडोची वायरिंग भिजली की काचही उतरत नाही.

पाणी उतरल्यावरही लगेच निघू नका. आधी पायी जाऊन रपट्याच्या दोन्ही टोकांचा भराव पाहा, डांबर वरून जसंच्या तसं दिसतं अन् खालची माती वाहून गेलेली असते.