बिनकुलपाचा डबा

गेल्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. दुपारी दोनला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलरमध्ये दर दोन तासांनी पाणी ओतावं लागत होतं. आतल्या खोलीत माझा सोळा वर्षांचा भाचा कॉम्प्युटरचा डबा आडवा करून, बाजूचा पत्रा काढून, रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ झटकत बसला होता. गेम सुरू करून वीस मिनिटं झाली की पंखे भणभणायचे, चित्र अडखळायचं आणि मशीन धाडकन बंद पडायचं. "हे पाहा मामा," म्हणत त्याने प्रोसेसर या मुख्य चिपवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून दाखवला. खालची थर्मल पेस्ट वाळून तिची खपली झाली होती, जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारखी.

बहिणीचं म्हणणं साधं होतं. त्यापेक्षा कन्सोल, म्हणजे फक्त गेमसाठीचं तयार यंत्र, घेतला असता तर टीव्हीला जोडला आणि खेळला, असली उघडझाप तरी वाचली असती. गेम खेळणारं मूल ज्या घरात आहे, तिथे हा वाद होतोच. मी भाच्याच्या बाजूचा आहे, आणि नेमका त्या उघडझापीमुळेच.

आधी त्या खपलीचं पाहू. प्रोसेसरचा वरचा पृष्ठभाग आणि हीटसिंकचा तळ दिसायला आरशासारखे असले, तरी सूक्ष्मदर्शकातून दोन्हीवर डोंगरदऱ्या दिसतात. एकमेकांवर ठेवले तर ते मोजक्या शिखरांवर टेकतात, बाकी फटींत हवा राहते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. थर्मल पेस्ट हवेच्या शंभरपटीहून अधिक चांगली वाहक असते आणि ती या फटी बुजवते. ती वाळून तडकली की फटींत पुन्हा हवा शिरते, आणि वर पंखा कितीही जोरात फिरला तरी खालची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

त्यात अकोल्याचा उन्हाळा. हीटसिंकवरून किती उष्णता वाहून जाईल, हे ढोबळमानाने चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिप ८५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक ६० अंशांचा. खोली ४० वर गेली की उरतात ४५. म्हणजे तोच पंखा, तोच हीटसिंक, पण उष्णता वाहून न्यायची ताकद एक चतुर्थांशाने कमी. बऱ्याच चिप ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचल्या की जीव वाचवण्यासाठी आपणहून मंदावतात. चित्र अडखळत होतं ते यामुळे.

सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. विदर्भातली मे महिन्यातली बिनएसीची खोली ही मर्यादा सहज ओलांडते. तिथे कन्सोलवाल्याच्या हाती धूळ काढणं आणि खोली गार करणं याउपर फारसं काही नसतं. भाच्याच्या हाती बरंच होतं. त्याने नवी पेस्ट लावली, मुगाच्या दाण्याएवढीच. गेमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सेकंदाला ६० फ्रेमची, म्हणजे ६० चित्रांची, मर्यादा घातली. आधी पडद्यावरची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड कारण नसताना शंभरेक फ्रेम काढत होतं, त्याचा मॉनिटर मात्र सेकंदाला साठच दाखवू शकतो. मग त्याने ग्राफिक्स कार्डचं व्होल्टेज थोडं उतरवलं. ही युक्ती मला सगळ्यांत आवडली, कारण चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. व्होल्टेज १० टक्के कमी केलं तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१, चिपचा वेग तोच राहून खर्च जवळपास १९ टक्क्यांनी उतरतो. अकरावीच्या पुस्तकात वर्ग-घाताचे आलेख काढून मुलं कंटाळतात. इथे तोच वर्ग त्याच्या तळहाताला डब्याच्या पत्र्यावर जाणवत होता.

कन्सोल म्हणजे काही वेगळी जादू आहे असं अनेकांना वाटतं. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडी कंपनीचा आठ कोअरचा प्रोसेसर, त्याच कंपनीची ग्राफिक्स चिप, १६ जीबी मेमरी आणि एसएसडी आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचंही तेच. हे कॉम्प्युटरच आहेत, चांगले आहेत आणि त्यांच्या किमतीत जमवायला अवघड आहेत. फरक कुलपाचा आहे. त्यावर काय चालेल हे बनवणारी कंपनी ठरवते, आणि विकल्यानंतरही ठरवत राहते.

याचा ठसठशीत दाखला प्लेस्टेशन ३ चा. २००६ साली तो आला तेव्हा सोनीने त्यावर कॉम्प्युटरची लिनक्स ही खुली प्रणाली टाकायची सोय दिली होती. त्यातला सेल प्रोसेसर आकडेमोडीला इतका दांडगा होता की शास्त्रज्ञांनी तो उचलून धरला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथल्या शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ च्या सुमारास असे कन्सोल एकमेकांना जोडून त्यांच्यावर कृष्णविवरांची गणितं सोडवली. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर १,७६० कन्सोल जोडून 'कॉन्डोर क्लस्टर' नावाचा महासंगणक उभारला. आणि एप्रिल २०१० मध्ये सोनीने सुरक्षेचं कारण देऊन एका अपडेटने लिनक्सची सोय काढून टाकली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद, घेतलं तर लिनक्स बंद. पैसे मोजून घरी आणलेल्या यंत्रातली एक खोली मालकाला न विचारता भिंत घालून बंद केली गेली. कॉम्प्युटरवर असा निर्णय कोणीतरी दूर बसून घेणं इतकं सोपं नसतं, कारण त्याचे भाग आणि प्रणाली वेगवेगळ्या हातांतून येतात आणि जोडणारा हात आपला असतो.

आता खेळाच्या गाभ्याकडे, म्हणजे हाताकडे. नेमबाजीच्या खेळात माऊसवाला कंट्रोलरवाल्याला का भारी पडतो? सरावाचा भाग आहेच, पण मूळ कारण नियंत्रणाच्या प्रकारात आहे.

कंट्रोलरची स्टिक झुकवली की नजर फिरू लागते. जास्त झुकवली तर वेगाने, कमी झुकवली तर सावकाश. म्हणजे अंगठा ठरवतो तो फिरण्याचा वेग, आणि नेम कुठे थांबेल हे स्टिक कधी सोडली यावर अवलंबून. नळ सोडून तांब्या काठोकाठ भरण्यासारखं हे काम आहे: पाणी न सांडता नेमक्या क्षणी नळ बंद करायचा. माऊसचं तसं नाही. हात जेवढा सरकला, नजर तेवढीच वळली. हात थांबला की नजर थांबली. हे मापाने दूध ओतण्यासारखं. वेळेचा अंदाज बांधायचं काम मेंदूला उरतच नाही, अंतराचा अंदाज पुरतो, आणि तो तर आपण रांगत्या वयापासून वस्तू उचलताना बांधत आलो आहोत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवलं होतं की हात एखाद्या लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर नियमाने ठरतो. लक्ष्य लांब आणि लहान, तर वेळ जास्त. १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या स्टुअर्ट कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माऊस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची परीक्षा घेतली. काम होतं पडद्यावरचा मजकूर निवडण्याचं. जॉयस्टिक वेग ठरवणारीच होती. माऊस सगळ्यांत जलद ठरला, चुकाही त्याच्या सगळ्यांत कमी. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की माऊसने लागणारा वेळ हात आणि डोळे यांच्या इतर कामांत लागणाऱ्या वेळेच्या जवळ होता. याहून फार वेगवान साधन बनवायला जागाच उरत नाही, कारण आता मर्यादा माणसाच्या हाताची आहे.

कन्सोलवरच्या नेमबाजीच्या अनेक खेळांत 'एम असिस्ट' नावाची मदत असते. नेम शत्रूच्या जवळ आला की नजर आपोआप जरा मंदावते किंवा त्याला चिकटते. फिट्सच्या नियमाने पाहिलं तर खेळ इथे गुपचूप लक्ष्याचा आकार वाढवत असतो. मदत चांगलीच आहे, पण ती लागते यातच उत्तर आलं. उलट गाड्यांच्या शर्यतीत कंट्रोलर सरस. त्याचा खटका अर्धा दाबता येतो, किबोर्डची कळ एकतर दाबलेली नाहीतर सुटलेली. घाटातल्या वळणावर ॲक्सिलरेटर अर्धा सोडायचा कसा? कॉम्प्युटरला मात्र माऊसही जोडता येतो आणि कंट्रोलरही, त्यामुळे तिथे निवड करावी लागत नाही.

फ्रेमचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर उगाच फार भांडणं होतात. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी नवं चित्र, ६० म्हणजे १६.७, १४४ म्हणजे जेमतेम ७. तुम्ही बटण दाबल्यावर त्याचा परिणाम डोळ्यांना दिसायला निदान पुढच्या चित्राची वाट पाहावी लागते, म्हणून जास्त फ्रेमचा खेळ हाताला हलका लागतो. आजकाल कन्सोलवरही देखणं चित्र की जलद चित्र एवढी निवड बऱ्याच गेममध्ये देतात. कॉम्प्युटरवर ती वीस-पंचवीस वेगवेगळ्या सेटिंग्जमध्ये वाटलेली असते. सावल्या कमी, पाण्यातलं प्रतिबिंब बंद, लांबचं गवत विरळ. कशाला किती गणित लागतं हे ती सेटिंग्ज हलवताना कळत जातं.

आणि हा सगळा प्रकार सुरू झाला तोच मुळी उघड्या यंत्रावर. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' लिहिला. दोन यानं, एकमेकांवर मारा. मग पीटर सॅमसनला त्यातलं आकाश खोटं वाटलं, म्हणून त्याने खऱ्या ताऱ्यांचा नकाशा घातला. डॅन एडवर्ड्सने मध्यभागी ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण आणलं. खेळणारा आणि बनवणारा यांच्यात तेव्हा भिंतच नव्हती. पुढे 'डूम' (१९९३) या खेळाच्या निर्मात्यांनी नकाशे आणि चित्रं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फायलींत ठेवली, तेव्हा लोकांनी स्वतःचे नकाशे बनवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या नेट कॅफेंत तासाच्या हिशोबाने ज्याच्यावर पोरांचा खिसा रिकामा झाला तो 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ साली 'हाफ-लाइफ' या गेमचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बदलून केलेली आवृत्ती, म्हणून दोन हौशी तरुणांनी सुरू केला होता. पबजीची मुळंही 'आर्मा' या कॉम्प्युटर गेमच्या मॉडमध्ये आहेत. आज कन्सोलवरही यातले काही खेळ खेळले जातात, पण ते तिथे जन्मू शकले नसते.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. तो आधी निन्टेन्डोच्या कन्सोलवर झळकला, पण घडला कॉम्प्युटरवरच, जसा प्रत्येक कन्सोलचा प्रत्येक गेम घडतो. गेम बनवायच्या ज्या अनरियल इंजिन नावाच्या सॉफ्टवेअरवर असे खेळ बांधले जातात, ते २०१५ पासून शिकणाऱ्याला विनामूल्य उतरवून घेता येतं. खेळायच्या आणि बनवायच्या मशीनमध्ये तेव्हा फरक राहत नाही.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट तर याहून लांब जाते. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठदा त्यांचे रंग ठरवायचे म्हणजे १२ कोटी ४४ लाखांहून जास्त उत्तरं. प्रत्येक ठिपक्याचं गणित जवळपास सारखं आणि शेजाऱ्यावर फारसं न अडणारं, म्हणून हजारो छोटे हिशोबनीस एकाच वेळी कामाला लावता येतात. हीच ठेवण न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या, गणितांनाही लागते. २०१२ साली टोरोंटोत ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी दुकानात मिळणारी, ३ जीबीची दोन 'जीटीएक्स ५८०' गेमिंग कार्डं वापरून बारा लाख फोटोंवर एक नेटवर्क शिकवलं. पाच-सहा दिवस लागले. चित्रं ओळखण्याच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेचा उगम बहुतेक जण तिथे मानतात. हातात असंच एखादं कार्ड असलेला मुलगा अकोल्यातही तेवढाच लायक प्रयोगकर्ता आहे, आणि त्याच्या कार्डावर कोणी कुलूप घातलेलं नाही.

पैशांचं मान्य करतो. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, तेव्हा ग्राफिक्स कार्डांची अशी टंचाई होती की त्या भावात तितका दमदार कॉम्प्युटर जुळवणं अशक्यच होतं. शिवाय कन्सोलवरचे खेळ त्या एकाच यंत्रासाठी घोटून घेतलेले असतात, लावले की चालतात. ज्याला दमून घरी आल्यावर तासभर सोफ्यावर बसून खेळायचं आहे, त्याने कन्सोल घ्यावा. पण विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला कन्सोलवर सहसा वेगळी वर्गणी भरावी लागते, कॉम्प्युटरवर नाही. आणि कॉम्प्युटर हप्त्याहप्त्याने वाढवता येतो. भाच्याची रॅम दिवाळीच्या पैशांतून आली, ग्राफिक्स कार्ड माझ्या एका मित्राने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं आणलं. येत्या वर्षी एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलायचा आहे.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने मला एक दोनशे पानी वही दाखवली. पट्टीने तीन रकाने आखलेले: खोलीचं तापमान, चिपचं तापमान, फ्रेम. पेस्ट बदलण्याआधीची शेवटची ओळ होती ४१, ९६ आणि पुढे "बंद पडला". बदलल्यानंतरची पहिली ४१, ८१, ६०. त्याखाली त्याने पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता: मागच्या पंख्याची दिशा उलटी केली तर? पंख्याचे चार स्क्रू त्याने आधीच काढून वाटीत ठेवले होते.