चामड्याचे जॅकेट निवडताना: घसरण्याचे आणि आपटण्याचे विज्ञान

मोटारसायकल पडते तेव्हा चालकाच्या शरीरावर दोन निरनिराळी संकटे येतात, आणि जॅकेट-पँट घेताना बहुतेकांची फसगत होते ती ही दोन्ही संकटे एकच समजल्यामुळे. पहिले संकट आपटण्याचे. खोगिराच्या उंचीवरून, म्हणजे साधारण 1 मीटरवरून माणूस खाली येतो तेव्हा जमिनीला टेकताना त्याचा उभ्या दिशेतला वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर असतो. गाडी ताशी 40 ने धावत होती की 100 ने, याचा या आकड्याशी फारसा संबंध नसतो. दुसरे संकट घसरण्याचे, आणि ते मात्र पूर्णपणे गाडीच्या वेगावर अवलंबून असते. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारा चालक कोरड्या डांबरावर पडला आणि कशालाही न धडकता घसरत गेला, तर थांबेपर्यंत त्याला साधारण 3 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो 30 मीटरच्या आसपास अंतर कापतो. वेग निम्मा असता, तर हे अंतर निम्मे नव्हे, पाव झाले असते, कारण घर्षणाने जिरवायची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

चामडे या दोहोंपैकी घसरण्यापुरतेच कामाचे आहे. सव्वा मिलिमीटर जाडीचे कातडे आपटण्याचा धक्का जवळजवळ काहीच कमी करत नाही. ते काम आत बसवलेल्या संरक्षक पॅडचे, ज्यांना चालक मंडळी आर्मर म्हणतात. नुसते जाड आणि जड आहे म्हणून एखादे जॅकेट भक्कम मानणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

घसरताना चामडे इतके का टिकते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. जनावराचे कातडे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते आणि हे तंतू लांबी, रुंदी, खोली अशा सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. विणलेल्या कापडात मोजके धागे तुटले की विण सुटत जाते. चामड्यात मात्र वरचे तंतू झिजले तरी खालच्यांची पकड ढळत नाही, आणि ते थराथराने झिजत राहते. कच्चे कातडे ओलसर अवस्थेत 60 ते 65 अंश सेल्सिअसलाच आक्रसते. कमावताना, विशेषतः क्रोमियमच्या क्षारांनी कमावताना, कोलॅजनच्या रेणूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि ही मर्यादा 100 अंशांच्या आसपास किंवा त्यावर जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चामडे वितळत नाही. घर्षणाच्या उष्णतेने त्याचा पृष्ठभाग करपतो, पण तो चिकट द्रव होऊन जखमेत शिरत नाही. साधे नायलॉन आणि पॉलिएस्टर सुमारे 220 ते 260 अंशांच्या दरम्यान वितळतात, आणि पातळ ट्रॅकसूट घालून घसरलेल्याच्या त्वचेवर सोलवटण्याबरोबर भाजण्याचीही इजा होऊ शकते ती त्यामुळेच.

अर्थात सगळे चामडे सारखे नसते. मूळचा वरचा पृष्ठभाग न घासता तसाच ठेवलेले चामडे, म्हणजे फुल ग्रेन, सर्वांत मजबूत. जाड कातडे आडवे चिरून निघालेला खालचा थर, ज्याला स्प्लिट म्हणतात, त्यात तंतूंची वरची घट्ट वीण नसते. त्यावर प्लास्टिकचा लेप दिला की दुकानात तो दिसायला अगदी गुळगुळीत असतो. चामड्याचा भुगा चिकटवून केलेले बाँडेड लेदर तर या कामासाठी पूर्णपणे निरुपयोगी आहे. गाय-बैलाचे 1.1 ते 1.4 मिलिमीटर जाडीचे चामडे हा रस्त्यावरच्या जॅकेटसाठी नेहमीचा आणि खात्रीचा पर्याय होय. कांगारूच्या कातड्यातील तंतू पृष्ठभागाला बरेचसे समांतर आणि एकसारखे असल्यामुळे ते कमी जाडीतही तितकेच बळ देते, म्हणून शर्यतीच्या सूटमध्ये ते वापरतात. मेंढीचे मऊसूत चामडे अंगाला सुखावते खरे, पण त्याचे थर एकमेकांना सैल धरलेले असल्याने ते लवकर सुटतात. ते फिरायला जाताना घालावे, गाडीवर नको.

इतके करूनही जॅकेट निकामी होते ते बहुधा चामडे झिजल्यामुळे नव्हे, तर शिवण उसवल्यामुळे. ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त 212 मोटारसायकलस्वारांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की मोटारसायकलसाठीच बनवलेली जवळजवळ 30 टक्के जॅकेटे आणि 28 टक्के पँटी अपघातात फाटल्या, उसवल्या किंवा अन्य प्रकारे निकामी झाल्या होत्या. मला हा आकडा अतिशय अस्वस्थ करणारा वाटतो, कारण या लोकांनी काळजी घेतली होती, पैसे मोजले होते, आणि तरीही दर तिघांपैकी जवळपास एकाच्या जॅकेटने ऐनवेळी दगा दिला.

म्हणून जॅकेट हातात आल्यावर आधी ते उलटे करून बाहीची शिवण पाहावी. बाहेरून दिसणारा दोरा डांबराला सर्वांत आधी घासला जातो आणि क्षणात तुटतो. चांगल्या बनावटीत कडा दुमडून किमान एक टाक्याची ओळ चामड्याच्या आत लपवलेली असते आणि वरून आणखी एक किंवा दोन ओळी घातलेल्या असतात; वरच्या गेल्या तरी आतली टिकून राहते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून जोरात ताणले असता टाक्यांमधून फट दिसू लागली, तर ते जॅकेट खाली ठेवावे. टाके फार दाट असणेही चांगले नाही, कारण जवळजवळ पाडलेल्या सुईच्या भोकांमुळे चामडे टपाल तिकिटांच्या कडेप्रमाणे त्याच रेषेत फाटू शकते. खांदा, कोपर, नितंब आणि गुडघा या आधी टेकणाऱ्या जागांवर शिवणी जितक्या कमी, तितके बरे. तिथे चामड्याचा दुहेरी थर असावा आणि हवेसाठी पाडलेली छिद्रे नसावीत. छिद्रे छातीवर आणि बाहीच्या आतल्या बाजूला शोभतात, आणि उन्हात गाडी चालवणाऱ्याला ती हवीच असतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आतल्या लेबलचा आधार घ्यावा लागतो. युरोपात 2020 पासून ईएन 17092 हे मानक लागू आहे. त्याच्या चाचणीत कपड्याचा नमुना ठरावीक वेगाने फिरवून काँक्रीटच्या पृष्ठभागावर सोडतात आणि थांबेपर्यंत घासू देतात. सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी हा वेग ‘एएए’ श्रेणीत ताशी सुमारे 120 किलोमीटर, ‘एए’ श्रेणीत 70 आणि ‘ए’ श्रेणीत 45 इतका असतो. शिवणीची ताकद निराळी तपासली जाते. हे प्रयोगशाळेतले वेग आहेत, रस्त्यावर तेवढ्या वेगाने पडले तरी काही होणार नाही अशी ती हमी नव्हे, पण दोन कपड्यांची तुलना करायला ते उत्तम आहेत. ‘बी’ श्रेणीच्या कपड्यात आर्मर नसते आणि ‘सी’ श्रेणी म्हणजे केवळ आर्मर धरून ठेवणारा कपडा, त्यात घर्षणापासून संरक्षण नसते, हेही लक्षात ठेवावे.

आर्मरसाठी ईएन 1621 हे वेगळे मानक आहे. पॅडवर 50 जूल ऊर्जेचा आघात करून पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. खांदा-कोपर-गुडघ्याच्या पॅडमधून सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचले तर तो पहिल्या पातळीचा, 20 पर्यंतच पोहोचले तर दुसऱ्या पातळीचा. पाठीच्या पॅडसाठी याच मर्यादा 18 आणि 9 आहेत. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीत मात्र नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो, ज्यावर कोणताही शिक्का नसतो. तो काढून प्रमाणित पॅड बसवणे हा माझ्या मते जॅकेट घेतल्यानंतरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. त्याच वेळी आर्मरकडून अवास्तव अपेक्षाही नको. वर उल्लेखलेल्या अभ्यासात खरचटणे, कापणे अशा जखमा आर्मरमुळे लक्षणीय घटलेल्या दिसल्या, हाडे मोडण्याच्या प्रमाणात मात्र तसा फरक दिसला नाही. खांबाला किंवा समोरच्या गाडीला आदळण्याची ऊर्जा या पॅडच्या आवाक्याबाहेरची असते.

माप चुकले तर बाकी सगळे वाया जाते. जॅकेट दुकानात उभ्याने नव्हे, गाडीवर बसण्याच्या पवित्र्यात, हात पुढे करून पाहावे. तेव्हा ते अंगासरशी बसले पाहिजे, मग उभे राहिल्यावर थोडे आखडल्यासारखे वाटले तरी चालेल, कारण चामडे वापराने काहीसे सैलावते. कोपरावरचा पॅड दुसऱ्या हाताने धरून गोल फिरवून पाहावा. तो हाडावरून सरकत असेल तर घसरतानाही सरकणारच, आणि उघडे पडलेले कोपर डांबराला टेकेल. जॅकेट आणि पँट कमरेला झिपने जोडता येत असतील तर जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडत नाही.

निगेचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. भिजलेले चामडे हीटरजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. आतले स्निग्धांश आणि पाणी झपाट्याने गेले की तंतू एकमेकांना चिकटतात, चामडे कडक होते आणि घडीवर तडकते. सावलीत, रुंद खांद्याच्या हँगरवर वाळू द्यावे आणि मग बेताने कंडिशनर लावावे.

एकदा पडून घासले गेलेले जॅकेट पुन्हा वापरण्यापूर्वी शिवणी, झिप आणि पॅड तपासावेत, कारण काही फोम एकाच आघातात कायमचे दबतात. वापरलेले जॅकेट विकत घेताना रंग लावून झाकलेली झीज बाहेरून कळत नाही. अस्तराची झिप उघडून आतून कोपर आणि खांद्यावरचे चामडे चिमटीत धरून पाहावे, आणि शेजारच्या भागापेक्षा ते पातळ लागले तर ते जॅकेट घेऊ नये.