अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंग: स्पेशालिटी ठरवताना आणि कागद जमवताना अर्ज कुठे अडतो

"सदर सिस्टर आमच्या हॉस्पिटलमध्ये जून २०१८ पासून स्टाफ नर्स म्हणून कार्यरत होत्या. त्यांची वर्तणूक चांगली होती. पुढील वाटचालीस शुभेच्छा." खाली शिक्का आणि सही. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, कुठूनही मुलगी येऊ दे, तिच्या फाइलमध्ये अनुभवाचं पत्र म्हणून बहुधा हेच निघतं. अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्सिंगच्या अर्जाला या पत्राचा काडीचा उपयोग नाही. कुठला वॉर्ड, किती खाटा, पूर्णवेळ होती की अर्धवेळ, यातलं एक अक्षर त्यात नसतं. आणि तिकडची एजन्सी पहिला प्रश्न विचारते तो स्पेशालिटीचा.

मी बरीच वर्षं आयसीयूत इन्चार्ज सिस्टर म्हणून काढली. आता ओळखीतल्या सिस्टर आणि ब्रदर लोकांचे कागद बघून देते. तीच ती माणसं त्याच त्या दोन-चार जागी अडलेली बघवत नाहीत, म्हणून हे लिहून काढलं.

ट्रॅव्हल नर्सचा वेगळा व्हिसा नसतो

अमेरिकेत एखाद्या हॉस्पिटलला नर्स कमी पडल्या की ते एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीसाठी नर्स घेतात. करार साधारण १३ आठवड्यांचा. तो संपला की पुढचं शहर, किंवा तिथेच मुदतवाढ. हेच ट्रॅव्हल नर्सिंग. या १३ आठवड्यांसाठी भारतातून थेट जाण्याचा कुठलाही व्हिसा नाही. असा व्हिसा काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. एच-१बी, म्हणजे पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांचा व्हिसा, तोही साध्या बेडसाइड नोकरीला सहसा लागू होत नाही, कारण त्या नोकरीची किमान अट पदवी नसते.

मग कोण जातं? ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. एल-१ वर (कंपनीनं अमेरिकेतल्या शाखेत बदली केलेल्यांचा व्हिसा) गेलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर एल-२ वर असलेले. किंवा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) असून कामाची परवानगी म्हणजे ईएडी मिळालेले. एच-४ वाल्यांना ही सोय २०१५ पासून आहे, पण सरसकट नाही. जोडीदाराची ग्रीन कार्डची आय-१४०, म्हणजे नोकरी देणाऱ्यानं केलेली मागणी, मंजूर असणं वगैरे अटी आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ सिस्टर लग्न होऊन आयटीतल्या नवऱ्यामागे जातात. त्यांनी इथून निघण्याआधीच हे सगळं वाचावं, कारण निम्मे कागद इथे असतानाच मिळतात. तिकडून फोनवर फोन करून काही हाती लागत नाही.

स्वतःच्या बळावर जाणाऱ्यांचा रस्ता ईबी-३ चा, म्हणजे नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा. तो खरा आहे, पण भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. इथे एक गैरसमज नेहमी होतो. व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या दर महिन्याच्या रांगेच्या पत्रकात, भारतासमोर जी तारीख छापलेली असते ती मुलाखतीची तारीख नसते. त्या तारखेच्या आधी ज्यांची प्रकरणं दाखल झाली, त्यांचा नंबर आता आलाय, एवढाच तिचा अर्थ. ती तारीख बघून नोकरी सोडलेली एक मुलगी माझ्यासमोर रडली आहे. नोकरी सोडू नका.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. कामाची परवानगी असली तरी पुष्कळ हॉस्पिटलं ट्रॅव्हलर म्हणून घेताना अमेरिकेतलाच वर्षभराचा तरी अनुभव मागतात. म्हणजे क्रम असा: एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्ससाठीची तिकडची परीक्षा), राज्याचं लायसन्स, एखाद-दोन वर्षं तिथली कायम नोकरी, मग ट्रॅव्हल. ती पहिली नोकरी कुठल्या विभागात मिळणार, हे तुमचं इथलं पत्र ठरवतं. म्हणून स्पेशालिटीचा विचार कोल्हापुरात असतानाच करायचा.

स्पेशालिटी ड्युटी लिस्टवर ठरते

आपल्याकडे काय होतं? सहा महिने मेल सर्जिकल, मग तीन महिने कॅज्युअल्टी, मध्ये कुणी रजेवर गेलं म्हणून लेबर रूम, पुन्हा स्पेशल रूम. सहा वर्षांनी ती सिस्टर कुठेही उभी राहील अशी तयार होते, आणि तिच्याकडे अमेरिकेच्या भाषेत एकही स्पेशालिटी नसते. तिकडे एका विभागातला सलग एक ते दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तोही ताजा. तीन वर्षांपूर्वीचा आयसीयू आणि त्यानंतर ओपीडी असेल, तर तो आयसीयू धरत नाहीत.

म्हणून पहिलं काम: मेट्रनकडे जा आणि एका विभागात किमान दोन वर्षं ठेवायची विनंती लेखी करा. तोंडी नको. लेखी अर्जाची पोच घेतली की ती पुढे कामाला येते. खाजगी हॉस्पिटलात हे तुलनेनं लवकर जमतं. सरकारी रुग्णालयात बदल्यांचं चक्र चालूच राहतं, तिथे निदान प्रत्येक विभागातल्या तारखा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

कुठला विभाग निवडावा? माझं मत सांगते. आयसीयू हातात असेल तर तो सोडू नका. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, आर्टेरियल लाइन, इनोट्रोप्सचं इन्फ्युजन या गोष्टी दोन्हीकडे त्याच आहेत. फरक एवढा की तिकडे व्हेंटिलेटर सांभाळायला बहुतेक ठिकाणी रेस्पिरेटरी थेरपिस्ट असतो.

ओटीच्या सिस्टरना मात्र आधीच सावध करते. आपल्याकडे ओटी सिस्टर म्हणजे स्क्रब होऊन सर्जनच्या हातात हत्यारं देणारी. तिकडे ते काम बऱ्याच ठिकाणी सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट करतो आणि नर्स सर्क्युलेटर असते: रुग्णाची ओळख, टाइम-आउट, मोजणी, नोंदी. दहा वर्षं फक्त स्क्रब केलं असेल तर स्किल्स चेकलिस्टमधले (एजन्सी देते ती कामांची यादी) अर्धे रकाने कोरे राहतात. आजपासून आठवड्यातले दोन दिवस सर्क्युलेटिंग मागून घ्या.

लेबर रूमचंही तसंच. आपल्या सिस्टरांनी स्वतः कितीतरी बाळंतपणं केलेली असतात, त्याचा त्यांना अभिमान असतो आणि असायलाच हवा. पण तिकडची लेबर अँड डिलिव्हरी नर्स सहसा बाळंतपण करत नाही; तिची परीक्षा गर्भाच्या ठोक्यांचा सलग आलेख वाचण्यात असते. तुमच्या लेबर रूममध्ये हा आलेख काढणारं सीटीजी मशीन असेल तर तो वाचायला शिका, आणि पत्रात तसं लिहून घ्या. एनआयसीयूसाठी (नवजात बाळांचा आयसीयू) एनआरपी, म्हणजे नवजाताला वाचवण्याचा कोर्स, आणि इमर्जन्सीसाठी एसीएलएस (मोठ्यांचा) आणि पाल्स (मुलांचा) हे जीव वाचवण्याचे कोर्स लागतात.

जनरल वॉर्डातली मुलगी विचारते, "ताई, माझं काय?" तिचं मेड-सर्ज, म्हणजे मेडिकल-सर्जिकल वॉर्ड. याला कमी समजू नका. सगळ्यात जास्त खाटा तिथेच असतात, म्हणून जागाही असतात. कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे रुग्ण किती हे नियमानं बांधलेलं आहे. मेड-सर्जला पाच, आयसीयूत दोन. आपल्याकडे एकटीनं तीस खाटा सांभाळणारीला हे ऐकून खरं वाटत नाही. पण त्या पाचांचं सगळं नर्सनंच बघायचं असतं, आंघोळीपासून डिस्चार्जच्या समजावणीपर्यंत. आपल्याकडे यातलं बरंचसं नातेवाईक करतात.

चेकलिस्ट स्वतःच भरायची असते, प्रत्येक कामासमोर आपली सवय आकड्यात. सगळीकडे सर्वात वरचा आकडा टाकू नका. मुलाखतीत त्यातलंच विचारतात आणि खोटं पहिल्या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

अनुभवाचं पत्र असं हवं

इंग्रजीत, लेटरहेडवर, आणि मजकूर या धर्तीवर: "यांनी ३ जून २०२१ ते ३० जून २०२४ या काळात आमच्या १२ खाटांच्या मेडिकल आयसीयूमध्ये पूर्णवेळ, आठवड्याला ४८ तास, स्टाफ नर्स म्हणून काम केले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांची देखभाल, सेंट्रल लाइन, इसीजी मॉनिटरिंग ही कामे त्या करत." खाली मेट्रनची सही, नाव, पद, आणि हॉस्पिटलचा चालू ईमेल. तो ईमेल महत्त्वाचा, कारण पडताळणी त्यावरच येते. ज्या ईमेलला कुणी उत्तरच देत नाही तो देऊन उपयोग नाही. मसुदा स्वतः टाइप करून न्या. ऑफिसला लिहायला सांगितलं की पुन्हा तेच "वर्तणूक चांगली होती" येतं. विभाग बदलला असेल तर प्रत्येक विभागाच्या तारखा वेगळ्या.

सरकारी सेवेतल्यांसाठी एक बारीक गोष्ट. आपल्याकडे स्टाफ नर्सला अधिपरिचारिका, वॉर्ड इन्चार्जला परिसेविका आणि मेट्रनला अधिसेविका म्हणतात. बाहेर भाषांतर करून घेताना "अधि" बघून कुणी अधिपरिचारिकेचं सुपरिंटेंडेंट करून ठेवतं. मग पगाराच्या कागदावर एक पद आणि पत्रात दुसरं, आणि शंका तुमच्यावर. भाषांतर स्वतः वाचून बघा.

हॉस्पिटल बंद पडलं असेल तर नेमणुकीचं पत्र, पीएफचा उतारा, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि तेव्हाच्या मेट्रनचं पत्र असं जोडायचं. आणि मूळ प्रमाणपत्रं बाँडपोटी अडकवून ठेवणारी हॉस्पिटलं अजून आहेत, हे मला संताप आणणारं आहे. नोकरीला लागताना मूळ कागद हातचे सोडूच नका. साक्षांकित प्रती द्या.

कॉलेजचे तास आणि बंद पाकीट

जीएनएम असो की बीएस्सी, तुमचं शिक्षण तपासताना सीजीएफएनएस, म्हणजे परदेशी नर्सचे कागद तपासणारी अमेरिकेतली संस्था, पाच विषय बघते: प्रौढांचं मेडिकल, प्रौढांचं सर्जिकल, मातृत्व आणि नवजात, बालरोग, मनोविकार. प्रत्येकाचे थिअरीचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास वेगवेगळे दिसायला हवेत. आपल्या मार्कलिस्टमध्ये गुण असतात, तास नसतात. तासांचा उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, कॉलेजकडून मागावं लागतं, आणि एका पानाच्या कागदासाठी क्लार्क "मॅडम रजेवर आहेत" म्हणत महिना महिना फिरवतात. सर्वात जास्त अडतं ते मनोविकाराच्या क्लिनिकल तासांवर. पोस्टिंग दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात झालेलं असतं आणि नोंद कुणाकडेच नसते. इंटर्नशिपच्या वहीवर सही असेल तर ती आत्ताच शोधा.

हे ट्रान्सक्रिप्ट कॉलेजनं सीजीएफएनएसला थेट पाठवायचं असतं. तसंच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणीही थेट जाते. पाकीट तुमच्या हातात देऊन "तुम्हीच पोस्ट करा" म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. अर्जदाराकडून आलेला कागद धरत नाहीत, पाकीट न फोडलेलं असलं तरी. पडताळणी मागण्याआधी तुमचं नूतनीकरण चालू आहे ना, ते बघा. आणि सीजीएफएनएस हे नाव शोधताना ट्रूमेरिट दिसलं तर घाबरू नका, ती संस्था तीच. २०२५ मध्ये तिनं नाव बदललं.

नाव

बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं. पासपोर्टवर सासरचं. एनक्लेक्सला परीक्षेच्या दारात पासपोर्टवरचं नाव आणि नोंदवलेलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि फी जाते. लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही काढून ठेवा. राजपत्राला दिवस लागतात, म्हणून ते काम सर्वात आधी हाती घ्या. पासपोर्टचं काम आता कोल्हापुरातच होतं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

तारखा

अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल. आपण वाचतो ४ मे, आणि महिनाभर उशीर करतो. अर्ज भरताना महिना अक्षरात लिहिता येत असेल तर अक्षरातच लिहा.

एनक्लेक्सची परवानगी, म्हणजे एटीटी, साधारण ९० दिवसांची असते आणि तिला मुदतवाढ मिळत नाही. पत्र आलं त्याच दिवशी मुंबईच्या केंद्राची तारीख धरा. "अभ्यास झाला की बघू" म्हणणाऱ्यांचे ९० दिवस कधी संपतात ते कळतही नाही. नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी ४५ दिवस थांबावं लागतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी पोहोचून त्याच दिवशी पेपर द्यायचा विचार करू नका. पाच तासांपर्यंत चालणारी परीक्षा आहे, आदल्या रात्री नीट झोपा.

व्हिसास्क्रीनसाठी, म्हणजे परदेशी नर्सला कामाच्या व्हिसासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर अकॅडेमिक लागतं; एकूण ६.५ आणि बोलण्यात ७. मुली एकूण ७ आणतात आणि बोलण्यात ६.५ वर थांबतात. लिहिण्यापेक्षा बोलण्याचा सराव जास्त करा, रोज, मोठ्यानं. हा निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून बाकीचे कागद जमेपर्यंत परीक्षेची घाई नको. बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण), एसीएलएसची कार्डंही दोन वर्षांची.

राज्य निवडताना कॉम्पॅक्ट लायसन्सचं नाव ऐकाल. एका लायसन्सवर ४० हून अधिक ठिकाणी काम करता येतं, ट्रॅव्हल नर्सला तेच सोयीचं. पण ते त्या राज्यात राहणाऱ्यालाच मिळतं, आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. इथून अर्ज करणाऱ्याला आधी एका राज्याचंच मिळेल. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया तर कॉम्पॅक्टमध्ये नाहीतच.

लसीकरणाच्या कागदात आपली माणसं टीबीवर अडतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. आधीच सांगा की बीसीजी झालंय आणि रक्ताची चाचणी, म्हणजे क्वांटिफेरॉन, करून घ्या. हिपॅटायटिस बी, गोवर आणि कांजिण्यांच्या अँटीबॉडीचे रिपोर्टही त्याच वेळी काढा, आणि रिपोर्टवरचं नाव पासपोर्टसारखंच लिहायला लॅबला सांगा.